मंजुरी येईपर्यंत

“झटके थांबले का?” वेंडेलने वळणावर गाडी घालत मधल्या खिडकीतून विचारलं.

“नाही. ओठ निळे पडतायत.” मागून रोंडा ओरडली. “ऑक्सिजन लावलाय. तुम्ही नुसते हाका हो, जोरात हाका!”

हाकतच होता बिचारा. केंटकीच्या त्या डोंगरदरीतली एकुलती एक ॲम्ब्युलन्स, आणि इंजेक्शन देऊ शकणारा तिचा एकुलता एक पॅरामेडिक आज स्टेअरिंगवर. चूक त्याचीच म्हणा. राष्ट्रीय नोंदणीचं नूतनीकरण केलं की राज्याचं लायसन्स आपोआप पुढे सरकतं, असं तो धरून बसला. ते कसलं सरकतंय! मुदत संपलीच होती. काल स्टेशनच्या चीफ डेल्बर्टच्या लक्षात आलं, तेव्हा त्याने समोर बसवून अर्ज भरून घेतला आणि औषधपेटीची किल्ली काढून घेतली. मंजुरी येईपर्यंत फक्त गाडी चालवायची. रोंडा नवशिकी, झटके थांबवणारं इंजेक्शन द्यायची तिला परवानगीच नाही.

“पेटी फोडतो मी.”

“तुम्ही टोचलंत तर तुमचं लायसन्स कायमचं जाईल, गप्प बसले म्हणून माझंही. मग गाडी कोण काढणार?” रोंडाने मास्क पुन्हा घट्ट दाबून धरला. “काय करू, सांगा ना!”

स्ट्रेचरवर ओपल होती, शाळेच्या बसची ड्रायव्हर. वेंडेलच्या दोन्ही मुली तिच्याच बसने शाळेत गेल्या. त्याचा पाय ब्रेकवर गेला, क्षणभर तिथेच राहिला. मग त्याने तो उचलला आणि गाडी आणखी जोरात सोडली.

हॉस्पिटल दिसायला लागलं तेव्हा झटके थांबले होते. श्वासही. डॉक्टरांनी बराच वेळ झुंज दिली, पण व्हायचं ते झालं.

दुपारी स्टेशनसमोर तो स्ट्रेचर धूत होता. डेल्बर्ट टोपी हातात घेऊन आला.

“लायसन्स आलं, बाबा.”

“वरातीमागून घोडं,” वेंडेल मान वर न करता म्हणाला.

“मागून नाही रे.” म्हातारा हातातल्या टोपीकडे बघत म्हणाला. “सकाळीच मंजूर झालं होतं. साइटवर दिसत होतं, तुम्ही निघायच्या आधीपासून. मीच उघडून बघितलं नाही.”

पाइपातलं पाणी नुसतंच वाहत राहिलं. वेंडेलने जाऊन नळ बंद केला. उघड्या दारातून आतला सोफा दिसत होता. बूटही न काढता रोंडा त्यावर झोपली होती.

वेंडेलने दार हळूच लोटून घेतलं.

“हिला सांगायचं नाही,” तो म्हणाला. “कधीच नाही.”