आतलं हँडल

या जुन्या इटालियन स्पोर्ट्‌स गाड्या बनवणाऱ्यांना एकदा समोर बसवून विचारायला हवं, की बाबांनो, इंजिनावर एवढा जीव ओवाळून टाकलात, मग दाराच्या हँडलाशीच तुमचं काय वैर होतं? बाहेरून गाडी अशी की बघणारा जागच्या जागी थांबतो. आणि आतलं हँडल म्हणाल तर कसल्याशा हलक्या धातूचं ओतीव, जरा जोर लावला की बिस्किटासारखं तुटून हातात येतं. हँडलाच्या मागे, दाराच्या पोटात, एक बारीक दांडा असतो. दांड्याला केबल, केबलच्या दुसऱ्या टोकाला लॅच, म्हणजे दाराची कडी. यातलं कोणीही एक रुसलं की माणूस आत अडकलाच म्हणून समजा.

या रुसव्याफुगव्यांवरच कडीवालीचं घर चालायचं. बाजारात तिला सगळे कडीवालीच म्हणत. वडिलांनी दुरुस्तीची ही कला तिला आणि तिच्या धाकट्या भावाला शिकवली होती. आता वडील नव्हते, धाकटाही नव्हता. खाली वर्कशॉप आणि वर दोन खोल्या, त्यात ती आणि आई.

त्या दिवशी दुपारी टोइंगच्या गाडीवरून एक लाल गाडी दारात उतरली आणि कडीवालीच्या हातातला पाना खाली पडला. गाडी धाकट्याची होती. आईने नजरेसमोर नको म्हणून भंगारात देऊन टाकलेली. तिथून ती कोणीतरी घेतली, त्याच्याकडून आणखी कोणी, आणि फिरत फिरत ती एका दातांच्या डॉक्टरकडे आली होती. डॉक्टर बोलायला मोठा गोड. "ताई, अक्कलदाढ काढणं सोपं हो, पण ही दारं काही आतून उघडत नाहीत. बघा जरा तुम्ही." त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

काही वर्षांपूर्वी धाकटा याच गाडीतून तलावात गेला होता. वरच्या रस्त्याला वळण होतं, गाडी वळली नाही, सरळ खाली गेली. ज्यांनी गाडी वर ओढून काढली ते म्हणाले, "आतलं हँडल नुसतंच खुळखुळत होतं. पलीकडचं दार गाळात रुतलेलं. कसा निघणार पोरगा बाहेर?"

ते हँडल कडीवालीने आदल्याच आठवड्यात दुरुस्त केलं होतं. दांडा तडकला होता. नवा मागवायचा तर वेळ लागणार, आणि धाकट्याला धीर कुठला? तिने आत पोलादी पिन घालून दांडा जोडला आणि त्याला बजावलं, "दोन बोटांनी ओढायचं. हिसका मारलास तर बघ."

"हो गं ताई," तो म्हणाला होता. "झोपलेल्या बाळाची दुलई काढतात ना, तस्सं ओढीन."

अपघातापासून एकच प्रश्न तिचं काळीज कुरतडत होता. आपला जोड तुटला म्हणून तो गेला का? तोंडावर कोणी काही बोललं नाही. आईने तर हा विषयच कधी काढला नाही, आणि न काढलेला विषय माणसाबरोबर जेवायला बसतो, झोपायलाही येतो. त्यापेक्षा म्हातारीने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं कडीवालीला कितीदा तरी वाटून गेलं होतं.

गाडी आली खरी, पण तिला हात लावायची काही हिंमत होईना. कडीवाली दुसरी कामं काढून बसायची, गाडीकडे पाठ करून. आणि काम ऐन रंगात आलं की मागे आवाज यायचा, खट्‌. लॅच बसल्याचा आवाज तिच्याइतका कोणाला कळणार? वळून बघावं तर दारं आपली बंदच. उंदीर असेल, पत्रा तापून वाजला असेल, असं ती स्वतःला समजावायची. मग वरून आई विचारायची, "खाली कोण आलंय गं?"

"कोणी नाही."

"मग दार कोणी लावलं?"

शेवटी एकदा कडीवाली मन घट्ट करून गाडीत बसली. आत ओल्या कातड्याचा वास अजून होता. सीट मागे सरकवून तिथेच गंजून बसलेली होती, त्याच्या लांब टांगांच्या मापाने, आणि तिचे पाय पेडलपर्यंत पोचेनात. तिने दोन बोटांनी हँडल ओढलं. खुळखुळलं नुसतं. पलीकडे कोणीतरी नको म्हणून मान हलवावी तसं.

"बास झालं," ती मोठ्याने म्हणाली. "तुटला असेल माझा जोड तर तुटला असेल. एकदाचं कळू दे तरी!"

तिने दाराचं आतलं पॅनेल उतरवायला घेतलं. स्क्रू सगळे जागच्या जागी, एकाही खाचेवर ओरखडा नाही. पॅनेल निघालं. तिने बॅटरीचा उजेड आत टाकला आणि डोळे मिटले. मग उघडले.

दांडा अखंड होता. तिने दिलेला जोड, तिने घातलेली पिन, सगळं दिलं होतं तसंच. "सुटले!" ती ओरडलीच. "अगं बाई, सुटले मी!" तिला हसू आलं, रडू आलं, भिंतीला टेकून ती दोन्ही करत राहिली.

मग हँडल खुळखुळत का होतं?

तिने परत उजेड धरला. केबल दांड्यापासून सुटी लोंबत होती. तुटलेली नव्हती, काढलेली होती. केबल दांड्याला धरून ठेवणारी इवलीशी क्लिप काढून, काळ्या दोऱ्याने केबलच्याच टोकाला नीट बांधून ठेवली होती.

ही वडिलांची शिकवण. काम अर्धवट टाकून उठायचं असेल तर क्लिप केबललाच बांधायची, म्हणजे मागून येणाऱ्याला शोधत बसायला नको. सगळा बाजार या सवयीला हसायचा. अशी क्लिप बांधणारी माणसं जगात दोनच उरली होती, आणि त्यातल्या एकीने ही बांधली नव्हती. तिने तर ती लावून, दार चारदा उघडून बघून, मगच गाडी त्याच्या हवाली केली होती.

ती पलीकडे गेली. दुसऱ्या दाराचंही पॅनेल तिने काढलं. तिथेही तोच दोरा, तीच गाठ.

म्हणजे तो इथे शांतपणे बसला होता. दोन्ही दारं आतून निकामी करून, एकेक स्क्रू परत बसवून मग निघाला होता. ऐनवेळी आपलाच हात हँडलाकडे जाईल, याची त्याला भीती वाटली असणार.

"अरे नालायका," ती पुटपुटली. "एवढं काय झालं होतं रे? एका शब्दाने बोलायचंस तरी! आणि मेल्या, क्लिप कोणासाठी बांधून ठेवलीस?"

तिच्यासाठी. दुसरं कोण उघडणार होतं?

तेवढ्यात जिना वाजला. आई उतरत होती. गुडघ्यांमुळे प्रत्येक पायरीवर थांबत थांबत.

"त्याचीच आहे ना गं गाडी? खिडकीतून ओळखली मी पहिल्याच दिवशी. उघडलंस का दार?"

जोड शाबूत होता, कडीवाली निर्दोष होती, पण धाकटा स्वतःहून गेला हे ऐकलं तर म्हातारी जागेवरच खचली असती. तिने दोरे तोडले, क्लिपा ॲप्रनच्या खिशात कोंबल्या. पहिल्या दाराचा दांडा सोडवून पक्कडीत धरला आणि सगळा जोर लावला. कट्‌कन तुटला. पण मेला जोडावर तुटेल तर शपथ! जोड तसाच राहिला, दांडा शेजारी मोडला. तुटलेली जागा पांढरी चकचकीत दिसत होती. तिने त्यावर काळं ग्रीस चोळलं.

आई समोर येऊन उभी राहिली. "काय निघालं?"

"दांडा तुटला होता. माझा जोड, आई. माझंच काम कच्चं होतं."

आईने तुकडा हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, तुटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. "म्हणजे ओढलं होतं त्यानं?"

"अं?"

"हँडल. ओढलं होतं ना त्यानं?"

कडीवालीने हात खिशात घातला.

"मला इतकी वर्षं वाटायचं," आई म्हणाली, "की पोरानं ओढलंच नसेल." ती स्टुलावर बसली आणि तो गेल्यापासून पहिल्यांदाच हमसून हमसून रडली. "यायचं होतं गं त्याला. घरी यायचं होतं माझ्या लेकराला."

"हो आई," कडीवाली म्हणाली. "खूप जोर लावला होता त्यानं."

खिशातल्या मुठीत क्लिपा रुतत होत्या. तिने मूठ आणखी आवळली आणि दुसऱ्या हाताने आईची पाठ चोळत राहिली.