भोंगा वाजला होता

धरणाच्या वसाहतीत त्याला सगळे दरवाजेकाका म्हणत. धरणाला पाच लोखंडी दरवाजे होते आणि ते वर-खाली करायची बटणं एकतीस वर्षं त्याच्या हाताखाली होती. माणूस नाकासमोर चालणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बायको चारचौघींत म्हणायची, "आमच्या ह्यांना घराचं दार लावून घ्यायला सांगा, हमखास विसरतील. पण धरणाचं दार कधी इंचभर चुकायचं नाही."

त्या दिवशी सकाळी अकरा वाजता साहेबांचा फोन आला. वरच्या धरणातून पाणी सुटलंय, दोन दरवाजे फूटभर उचला, लगेच.

दरवाजा उचलायच्या आधी भोंगा वाजवायचा, तीनदा, आणि मग पाव तास थांबायचं, हा नियम. पण भोंग्याची मोटर जळून चाळीस दिवस झाले होते. दरवाजेकाकाने त्याबद्दल तीन अर्ज केले होते. तिन्ही कुठल्या तरी टेबलावर निवांत पडले होते.

"साहेब, भोंगा बंद आहे."

"माहीत आहे हो काका. खाली गावात फोन करा आणि उचला. जबाबदारी माझी."

त्याने गावच्या कार्यालयात फोन केला. घंटी वाजत राहिली. पुन्हा केला, पुन्हा तेच. खिडकीशी जाऊन त्याने खाली पाहिलं. नदीचं कोरडं पात्र, पांढरे गोटे, लख्ख ऊन, चिटपाखरू नाही. पण त्या खिडकीतून पहिल्या वळणापर्यंतच दिसतं. 'या उन्हात नदीत कोण मरायला जातंय,' असं मनाशी म्हणत त्याने बटण दाबलं. हेच शब्द होते. पुढे ते त्याच्या डोक्यातून कधी गेले नाहीत.

वळणापलीकडे, पात्रातल्या खड्ड्यात गावचा पंप होता. तो बंद पडला म्हणून पंप दुरुस्त करणारा मिस्त्री आत उतरला होता, खांद्यापर्यंत हात यंत्रात घालून. त्याची बायको डबा घेऊन काठावर उभी होती. पाणी आलं तेव्हा ती ओरडली, पण तोवर उशीर झाला होता. मिस्त्री संध्याकाळी चार कोस खाली सापडला.

रात्रीच साहेब जीप घेऊन आले. वयाने दहा वर्षांनी लहान, बोलायला लोणी. खुर्ची ओढून शेजारी बसले, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"काका, झालं ते वाईट झालं. पण गेलेला माणूस परत येत नाही. मागे राहिलेल्यांचं बघायला हवं. तुम्ही, मी. बटण कुणी दाबलं, तुम्ही. कागदावर माझा आदेश आहे का? नाही. मग आधी कुणाला धरतील?" त्यांनी रजिस्टर पुढे सरकवलं. "अकरा वाजून दहा मिनिटं. भोंगा, तीन वेळा. एवढंच लिहा."

त्याने लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं, याचंच त्याला नवल वाटलं. आठ दिवसांच्या आत नवी मोटरही बसली. कामगारांनी ती नुसती फिरवून पाहिली आणि झाकली, कारण चौकशी चालू असताना आवाज करू नका, असा वरून निरोप होता.

चौकशीला दोन माणसं आली. वसाहतीतल्या लोकांना विचारत फिरली. सगळ्यात आधी किराणा दुकानदार बोलला, "हो हो, ऐकला की. मी माप करत होतो, दचकलोच." मग शाळेच्या बाई म्हणाल्या, त्यांना पुसटसा आठवतोय. दुसऱ्या दिवशी तो पुसट राहिला नव्हता. वर्गात कुठला धडा चालू होता तेही त्यांना आठवलं. कुणी त्यांना पढवलं नव्हतं. दर वर्षी भोंगा वाजत आलेला, वहीत वेळ लिहिलेली, चार माणसं हो म्हणतायत. मग आपल्यालाच कसा ऐकू आला नाही, असं वाटून एकेकाला तो ऐकू यायला लागला.

दरवाजेकाका जेवायला बसला होता तेव्हा बायको सहज म्हणाली, "मला पण विचारलं त्यांनी. मी चादर पिळत होते ना तेव्हा."

त्याचा घास हातातच राहिला. "केव्हा?"

"भोंगा झाला तेव्हा. म्हटलं, ह्यांनी दरवाजे उचलले वाटतं."

"तू ऐकलास?"

"अहो, असं काय करता? ऐकल्याशिवाय सांगेन का?"

तिचं तोंड त्याने नीट पाहिलं. सत्तावीस वर्षांत ती त्याच्याशी खोटं बोलली असेल तर ती साखर संपली की नाही एवढ्यापुरतं. आत्ता ती खोटं बोलत नव्हती. घरात दोघंच होती आणि तरी तिसरं कुणी तरी येऊन बसल्यासारखं झालं.

त्या दिवसापासून अकरा-दहा झाले की त्याचे कान आपोआप उघडत. हातातलं काम थांबे. पंखा, घड्याळ, लांबचा ट्रक, सगळं वेगवेगळं ऐकू येई आणि त्यांच्या मागे ती मोकळी जागा, जिथे भोंगा असायला हवा होता. कुणी दार वाजवलं तरी तो उठून उभा राही.

मग मिस्त्रीची बायको आली. सकाळीच चालत आली होती. वय तिशीच्या आतलं, चपलांना नदीचा चिखल सुकलेला. धरणावरच्या खोलीच्या आत न येता दारातच उभी राहिली.

"भाऊ, एक काम होतं. तो भोंगा एकदा वाजवून दाखवाल?"

त्याने पुढ्यातलं रजिस्टर मिटलं.

"सगळे म्हणतात वाजला होता. मी तर काठावरच होते. इतकं शांत होतं की त्यांच्या हातातला पाना पडला तो मी ऐकला. सासूबाई म्हणतात, तू बहिरी आहेस नाही तर खोटारडी. दवाखान्यात कान तपासून आणले. चांगले आहेत म्हणतात. तुम्ही एकदाच वाजवा. इथून तिथवर येतो का ते मी बघते. मग मी कुणाला काही विचारणार नाही."

"असा वाजवता येत नाही, ताई," तो म्हणाला. "लोक घाबरतील. वरून परवानगी लागते."

"मग घ्या ना परवानगी."

त्याने साहेबांना विचारलंसुद्धा. साहेब हसले. "काका, तुम्ही फार भोळे. झोपलेल्याला कशाला उठवायचं? अहवाल आलाय, मयताचा निष्काळजीपणा. महिनाभरात सगळे विसरतील."

ती दर दोन-चार दिवसांनी यायची. भोंग्याच्या लोखंडी मनोऱ्याखाली बसायची, वर बघायची, निघून जायची. गावात बोलणं आता पुढे सरकलं होतं. भोंगा वाजला हे तर ठरलंच होतं. मग हिने नवऱ्याला वर का बोलावलं नाही? काठावर उभी राहून काय करत होती? कुणी म्हणे भांडण होतं दोघांत. सासूने तिचं अंथरूण ओसरीवर काढलं. हे दरवाजेकाकाला दुकानदाराकडून कळलं, साबण बांधून देता देता.

आणि एका सकाळी ती आली ती बसली नाही. थेट आत आली. चेहरा धुतल्यासारखा मोकळा दिसत होता. त्याला वाटलं, चला, सावरली.

"भाऊ, तुम्हाला उगाच त्रास दिला. आता नका वाजवू."

"का?"

"मला आठवलं. मी ऐकला होता." ती अगदी शांतपणे बोलत होती. "रोज ऐकू येतोय आता. तीनदा. मी ऐकला आणि ओरडले नाही. डबा उघडत बसले असेन. सासूबाईंचे पाय धरले काल. म्हटलं, मीच घालवलं त्यांना."

तो उठून उभा राहिला. त्याला सांगायचं होतं. पण ती नमस्कार करून वळली आणि पायऱ्या उतरू लागली. तेव्हा त्याच्या आत काय झालं ते त्याला पुढे कोर्टातही सांगता आलं नाही. त्याने दाराला आतून कडी घातली, भिंतीवरच्या लाल खटक्याची काच कोपराने फोडली आणि खटका खाली ओढला.

भोंगा वाजला.

आधी पोटातून यावी तशी घरघर, मग चढत चढत जाणारा तो आवाज. खिडकीच्या काचा थरथरल्या, टेबलावरची पेन्सिल घरंगळत खाली पडली. कबुतरांचा थवा मनोऱ्यावरून उधळला. त्याने खटका सोडला नाही. नियमात तीनदा होता. तो किती वेळ वाजत राहिला ते त्याने मोजलं नाही. खाली माणसं पळत होती. शाळेतल्या मुली कानांवर हात ठेवून मैदानात आल्या. दुकानदार एका पायात चप्पल घालून धावला. दारावर धक्के बसू लागले. "काका, डोकं फिरलं का? उघडा! काका!" हा साहेबांचा आवाज. लोण्याचा मागमूस नव्हता त्यात.

त्याने दरवाजांच्या एकाही बटणाला हात लावला नाही. पाण्याचा थेंब सुटला नाही. शेवटी खटका वर केला आणि तो गॅलरीत आला. काचेने हात कापला होता, रक्त कठड्यावर टपकत होतं. खाली अख्खी वसाहत जमली होती. त्यांच्यात त्याची बायकोही होती, हाताला पिठाचे डाग. पायऱ्यांच्या तळाशी मिस्त्रीची बायको दोन्ही हात कानांवर न नेता तशीच उभी होती.

"असा वाजतो," तो म्हणाला. आयुष्यात इतक्या मोठ्याने तो कधी बोलला नव्हता. "त्या दिवशी असा वाजला होता? सांगा. वाजला होता का?"

त्याने कापलेला हात कठड्यावर टेकला.

"मोटर जळालेली होती. मी न वाजवता दरवाजे उचलले. वहीत खोटं लिहिलं. मी."

शाळेच्या बाई मटकन दगडावर बसल्या. "नाही," त्या म्हणाल्या. "नव्हता वाजला. अरे देवा." दुकानदार मात्र मान हलवत राहिला, "हा नवा भोंगा आहे. जुना बारीक होता. जुना मी ऐकला." आणखी दोघा-तिघांनी माना खाली घातल्या. बाकीचे साहेबांकडे बघत होते.

मिस्त्रीची बायको चार पायऱ्या वर आली. "दरवाजा तुम्ही उघडला?"

"हो."

"आणि मी इतके दिवस येत होते, तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं."

"हो."

तिने शिवी दिली असती, थोबाडीत मारली असती तर त्याने आनंदाने घेतली असती. तिने तसं काही केलं नाही. आल्या वाटेने परत गेली, पण या वेळी पावलं भराभर पडत होती.

खटला दोन वर्षं चालला. तिन्ही अर्जांची नोंद जावक वहीत सापडली, म्हणून साहेबही अडकले. त्यांना वरच्या कोर्टात जामीन मिळाला आणि लांबची बदली. दरवाजेकाकाला दीड वर्षाची शिक्षा झाली. त्याने वकील घेतला नव्हता. न्यायाधीशांनी मिस्त्रीच्या बायकोला विचारलं, काही म्हणायचंय का? ती म्हणाली, "मला एवढं कागदावर द्या, की मी ऐकला नव्हता. सासूबाईंना वाचून दाखवायचंय." निकालात ते वाक्य आलं. सासूने ते दोनदा वाचून घेतलं आणि अंथरूण आत घेतलं, असं त्याच्या कानावर आलं. पुढे त्या दोघी कशा राहिल्या, ते कुणी सांगितलं नाही.

तुरुंगात बायको महिन्यातून एकदा भेटायला येई. धुतलेले कपडे आणायची, भाचीच्या लग्नाचं बोलायची. एकदा जाळीला तोंड लावून हळूच म्हणाली, "अहो, मी खोटं नव्हते हो बोलले. मला अजून ऐकू येतो. चादर पिळायला घेतली की येतो."

"येत असेल," तो म्हणाला.

"मग आता काय करायचं?"

त्याने भाचीचं लग्न कधी ठरलंय ते विचारलं.

सुटल्यावर दोघं नदी नसलेल्या शहरात राहायला गेली. तो एका लाकडाच्या वखारीत मोजमाप करू लागला. मिस्त्रीच्या बायकोला भेटून माफी मागायची म्हणून तो दोनदा घरातून निघाला. पहिल्यांदा बस निघून जाईपर्यंत फलाटावरच उभा राहिला. दुसऱ्यांदा गावाच्या फाट्यावर उतरला, अर्धी वाट चालला. लांबून काठावर काही बायका कपडे धूत होत्या. त्यांच्यात ती आहे की नाही ते दिसेना. तो तिथूनच मागे फिरला. तिसऱ्यांदा तो निघालाच नाही.