चातुर्मासाआधीचा डाव

संध्याकाळी दिवा लागला, जप झाला, की समोरच्या दारातून मेलिसा मोबाइल घेऊन येते. तिची आई ज्युलिएट शाळेत शिकवते. तिला घरात जपानी कार्टून चालत नाही. पहिल्या दिवशी मी कार्टून म्हटलं तर पोरगी केवढी चिडली! "आज्जी, अ‍ॅनिमे बोल ना! कार्टून छोट्यांचं असतं."

त्यात बर्फाच्या गावातली एक मुलगी पत्ते खेळते. जवळ काही नाही म्हणून स्वतःचा आवाजच पणाला लावते. हरली तर जन्माची मुकी. सगळे हिंदीत बोलतात, त्यामुळे मला कळायचं. आधी नुसती वाती वळत ऐकायचे, मग बघायला लागले, मग दुपारपासून वाट बघायला लागले. तिनं पान उलटायला हात पुढे केला की माझी वात जाड व्हायची. एकदा दूध उतू गेलेलं कळलं, तरी उठले नाही.

"तू तर फुल अ‍ॅडिक्ट झालीस," मेलिसा म्हणाली.

काल दशमी होती. शेवटचा भाग तेवढा राहिला होता. पुढच्या आठवड्यात मेलिसा नर्सिंग शिकायला नाशिकला जाणार, म्हणून आजच बघून टाकू म्हणाली.

"उद्यापासून तुझे ते चार महिने ना? आम्ही ईस्टरच्या आधी लेंटच्या उपासात सोडतो तसं? यंदा काय सोडणार?"

"पडवळ."

"पडवळ तुला आवडतं?"

मला हसूच आलं. आमचे हे अगदी असंच विचारायचे. चंद्रहास त्यांचं नाव. मी काही ते कधी घेतलं नाही. होळी बाजारातली भाजीवाली पडवळ घेऊन दारात आली की हे मुद्दाम मोठ्यानं म्हणायचे, "आमच्या मनोरमाबाईंनी देवासाठी सोडलंय हो! देवाला काय कळत नाही?"

हे कामावरून आले की आम्ही दोघं रमी खेळायचो. जोकर बाजूला काढून. हरेल त्यानं चहा करायचा, एवढीच पैज. पण तेवढ्यासाठी काय जीव टांगणीला लागायचा! मी हरले की हे खुर्चीत ऐसपैस बसून "आलं जरा जास्त घाल" म्हणायचे.

एका आषाढीला मी खरंच आवडतं सोडायचं ठरवलं. पत्ते. त्या संध्याकाळी डाव अर्ध्यात होता. पाळी ह्यांची. माझ्या हातात बाकी सगळं जुळलेलं, बदामचा गुलाम आणि राजा आले होते, मधली राणी तेवढी हवी. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मिशीत हसले. तेवढ्यात दिव्याची वेळ झाली, माझा नेम सुरू झाला.

"कार्तिकीला पुरा करू," हे म्हणाले. दोघांच्या पानांना वेगवेगळी रबरं लावली, उरलेली गड्डी तशीच बिस्किटांच्या डब्यात ठेवली.

भाद्रपदात गौरी गेल्या आणि पाठोपाठ हेही गेले.

हे सगळं मी मेलिसाला सांगितलं. कुणाला सांगितलं नव्हतं. ती मोबाइल बंद करून बसली.

"म्हणजे ते का हसले, तुला अजून माहीतच नाही? आज्जी, तू बघितलं नाहीस?"

"दुसऱ्याची पानं बघतात का गं?"

"मी त्यांच्या जागी खेळते. मग तर चालेल?"

मी कपाटातून डबा काढला. रबरं वाळली होती, हात लावताच तुटली. मेलिसानं ह्यांची पानं अगदी छातीशी धरून उघडली. त्या बर्फातल्या मुलीला काय होत असेल ते तेव्हा कळलं.

तिनं एकेक पान बोटानं सरकवत पाहिलं.

"बदामची राणी इथे आहे," शेवटी म्हणाली. "पण आज्जी, ही त्यांच्या काहीच कामाची नाही. एकटीच आहे, कडेला. का धरून ठेवली असेल?"

मला कळलं. टाकली असती तर मी लगेच उतरले असते, डाव संपला असता.

"टाकू? टाकली की तू जिंकलीस."

पान तिच्या बोटांत होतं. इतकी वर्षं मी त्याच एका पानासाठी बसलेली.

"नको. नवीन रबर लाव."

"आज्जी! पुरा नाही करायचा?"

"यंदाही पत्तेच सोडते. कार्तिकीला सुट्टी काढून ये आणि तुझ्या हातानं टाक."

"आणि तोपर्यंत..." ती थांबली. माझ्या वयाकडे बघून थांबली, हे मला समजलं.

"असू दे की. पणाला काहीतरी लावायला हवं ना?"

तिनं स्वतःच्या केसांचं रबर काढलं आणि ह्यांच्या पानांना दोनदा गुंडाळलं. माझ्या पानांना मी वातीचा दोरा बांधला.

"तुझ्या त्या कार्टूनचा शेवटही तेव्हाच बघू. तू एकटीनं बघायचा नाहीस हं."

"अ‍ॅनिमे, आज्जी," ती नाक पुसत म्हणाली.