मालनचं चार्जिंग

मालनला बसायची चोरी झाली होती. कांदिवलीच्या आठव्या मजल्यावर जरा कुठे टेकावं, तर छातीतलं यंत्र बंद पडायची भीती. जुन्या पेसमेकरची बॅटरी संपली की पुन्हा छाती फाडा, हे तिचं दोनदा झालेलं. म्हणून या खेपेला पवईच्या संशोधकांनी बनवलेलं, बॅटरीच नसलेलं बसवलं. "शरीराच्या हालचालीतून वीज घेतं," डॉक्टर म्हणाले, आणि मालनने तेवढंच धरलं.

धरणारच ना! तिचा नवरा बाळा, त्याचं घड्याळ असलंच होतं. मनगट हललं की चालायचं. बाळा अंथरुणाला खिळला आणि घड्याळ थांबलं. पाठोपाठ तोही गेला.

तर बाई राबत होती. केर, लादी, धुणं, पोळ्या. "आईंना हलतं राहिलेलं बरं," म्हणत सून श्रुतिकाने कामवाली बंद केली. काम संपलं की मालन पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालायची. पाय सुजले, कंबर गेली. टीव्ही बघतानासुद्धा बिचारी पाय हलवत राहायची. "मेल्यावर झोपूचाच आसा," म्हणायची आणि रडू गिळायची.

तपासणीला मुलगा नितेश तिला पवईला घेऊन गेला. गार्गी नावाच्या इंजिनिअर मुलीने पडद्यावर यंत्राचे आकडे पाहिले. "झकास चाललंय, आजी. पण पाय का इतके सुजलेत?"

"दिवसभर मी चलतंय नाय गो? नायतर बंद पडात ता."

गार्गीचं हसू गेलं. "अहो आजी, ते तुमच्या हृदयाच्या धडधडण्यावर वीज बनवतं. तुम्ही झोपलात तरी बनवतं. या दादांना मी पहिल्याच दिवशी समजावलं होतं की!"

मालनने मुलाकडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला होता.

"तुका म्हायत होता?"

"अगं, तेवढाच तुला व्यायाम होतो ना..."

रिक्षात तिची आतून आग आग होत होती, पण भांडायलाही अंगात त्राण हवं ना! घरी आल्यावर भर दुपारी तिने हॉलमध्ये चटई पसरली आणि आडवी झाली. पाठ जमिनीला टेकली तसं डोळ्यांना पाणी आलं.

"आई, पोळ्या करायच्यात ना?" श्रुतिकाने स्वयंपाकघरातून विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. नितेशची मात्र टरकली. तो चपलांसकट धावत आला.

"आई! ए आई! काय होतंय का?"

मालनने डोळे उघडले नाहीत. "काय नाय रे झिला. ता यंत्र चलता हा. आता तू हल जरा."

नितेशने चपला काढल्या. मग स्वयंपाकघरात गेला आणि पिठाचा डबा कुठे असतो ते बायकोला विचारू लागला. तिलाही चटकन सांगता आलं नाही.