मेणाच्या जेफरसनचं दुसरं वाक्य

दर फेब्रुवारीत आमच्या शाळेत जेवणाच्या हॉलचं मेणाच्या पुतळ्यांचं संग्रहालय बनतं. तिसरीची मुलं कापसाचे टोप घालून अमेरिकेचे जुने राष्ट्राध्यक्ष होतात आणि पुतळ्यासारखी उभी राहतात. पायाशी लाल कागदाचं बटण चिकटवलेलं असतं. पाहुण्यानं त्यावर पाय दिला की पुतळा बोलतो, बोलून झालं की पुन्हा गप्प. आईबापांना भारी कौतुक. तिसरीची बाई म्हणून हे सगळं माझ्याकडे.

यंदा चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा जेफरसन आला डेल्फिन टॉलिव्हरच्या वाट्याला. वर्गातली ती एकटीच काळी मुलगी, आणि प्रश्न विचारून माझा जीव खाणारीही तीच. भाषण तिनं स्वतः लिहिलं. 'सगळी माणसं समान जन्मतात, असं मी लिहिलं.' त्याखाली, 'आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं मी गुलाम म्हणून ठेवली.' दोन्ही खरं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापक व्हिटलो वर्गात आले आणि त्यांनी दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं.

"हे काढा, अर्लीन."

"खोटं आहे का?"

"खऱ्याखोट्याचा प्रश्नच नाही. मागच्या वर्षी असल्याच गोष्टीवर एका पालकाची तक्रार आली आणि चौथीच्या बाई घरी बसल्या. तुमचं कंत्राट पुढच्या वर्षासाठी आता शाळेच्या बोर्डापुढे जाणार. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?"

मनात खूप आलं, पण तोंडातून "बरं" एवढंच निघालं. डेल्फिनला मी सांगितलं, पहिलंच वाक्य म्हणायचं. तीही "बरं, बाई" म्हणाली. वाद न घालता! ही ऐनवेळी दुसरं वाक्य म्हणणारच, असं तेव्हापासून माझ्या मनात बसलं.

कार्यक्रम सुरू झाला. तिच्या बटणावर कुणी पाय दिला की मी कान टवकारायचे. ती हनुवटी वर करून पहिलं वाक्य म्हणायची आणि थांबायची. व्हिटलो लांबून खूश होऊन माना डोलावत होते.

मग तिचे आजोबा आले, चर्चला जाताना घालायचा सूट घालून. त्यांनी बटणावर पाय दिला, पहिलं वाक्य ऐकलं आणि वाट पाहत राहिले.

"आणि पुढचं?"

पुतळ्यानं नजर समोरच ठेवली.

"अगं, घरच्या भिंतींनासुद्धा पाठ झालंय ते! विसरलीस होय?"

"विसरले नाही," डेल्फिन ओठ न हलवता पुटपुटली. "पुढचं म्हटलं तर बाईंची नोकरी जाईल. सर सांगत होते, मी दाराबाहेर होते."

म्हाताऱ्यानं जवळच उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर परवडलं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी या पोरीला घाबरत होते, आणि आठ वर्षांची ही पोर मला सांभाळत होती.

मी पुढे झाले आणि बटणावर पाय दिला.

"बोल."

"सगळं?"

"सगळं."

ती बोलली, खणखणीत आवाजात. दुसऱ्या वाक्याला आजूबाजूची कुजबुज थांबली. हॉलच्या त्या टोकाहून व्हिटलो निघाले.

"आता तुम्ही जाणार का, बाई?" डेल्फिननं हळूच विचारलं.

"माहीत नाही गं."

व्हिटलो समोर येऊन उभे राहिले, पण मी तिच्या शेजारून हलले नाही.