थोरलीच्या ओळखी

गेल्या थंडीत नवरा गेला. उन्हाळा सरता सरता नणंदेने गाडीचा विषय काढला.

"गिऱ्हाईक मिळालंय," बेबी म्हणाली. "पण त्याला चालती गाडी दारात हवी, ट्रकवर घालून आणलेली नको. आणि कागद तुझ्या नावावर, वहिनी. तेव्हा तुलाही यावं लागेल."

वहिनीचा धंदा कवळ्यांचा. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे यायचे आणि ती आपल्या खोलीएवढ्या लॅबमध्ये बसून मेणात एकेक दात बसवायची. वरून सगळं जुळलेलं दिसलं की आधी चावून बघायचं, ही त्या कामाने लावलेली सवय. बेबीचं बोलणंही तिने चावून बघितलं आणि कुठेतरी खडा लागला. बेबी शिवणाचे क्लास घेणारी बाई, तिला जुन्या गाडीचं गिऱ्हाईक कुठे भेटलं? फोन आला की ती गॅलरीत जाऊन दार का ओढून घेते? आणि कागदांवर सह्याच करायच्या तर दोन दिवसांच्या प्रवासाची गरज काय?

पण शेडमध्ये गाडी अशीच उभी ठेवणंही जड जात होतं. ती हो म्हणाली.

गाडीला घरात थोरली म्हणत. नाव नवऱ्यानेच ठेवलेलं. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात त्याने शेडचं दार उघडलं आणि म्हणाला, "ही थोरली, तू धाकटी. भांडायचं नाही." तेव्हा वहिनीला हसू आलं होतं. पुढे दर रविवारी नवरा थोरलीच्या पोटाखाली आडवा झालेला बघून ते हसू ओसरलं. लांब नाक, मरून रंग, मधोमध दुभागलेली काच, आणि स्वभाव असा की मनात आलं तर चालणार, नाहीतर हँडल मारून खांदा निखळला तरी ढिम्म. वर्षातून दोन-तीनदा तो तिला घेऊन जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला जायचा. "तुला कंटाळा येईल, नुसतं ग्रीस आणि गप्पा," म्हणायचा. वहिनीने कधी खोदून विचारलं नाही. लोखंडाच्या सवतीवर काय संशय घ्यायचा?

निघायच्या दिवशी बेबी सरळ स्टिअरिंगमागे जाऊन बसली.

"तुला ही चालवता येते?"

"दादाने शिकवलं."

"कधी?"

"असंच गं, कधीतरी." बेबीने चोक ओढला आणि पुढचं बोलणं इंजिनाच्या खोकल्यात बुडालं.

पहिल्या चढावरच थोरलीने मान टाकली. बेबी उतरली, बॉनेट उघडून एका फडक्यावर पाणी ओतलं आणि ते पिळून पेट्रोलच्या पंपावर ठेवलं. "तापली की पेट्रोल चढत नाही हिला. पाच-दहा मिनिटं थांबू." आईने तापल्या लेकराच्या कपाळावर घडी ठेवावी इतक्या सवयीने तिने हे केलं. वहिनी रस्त्याकडेच्या दगडावर बसून बघत राहिली. हे एका रविवारी शिकलेलं नव्हतं.

दुपारी रेडिएटर गळायला लागला. कशीबशी रखडत त्या एका तिठ्यावरच्या गॅरेजात शिरल्या. जाड चष्मा लावलेला मिस्त्री हात पुसत बाहेर आला आणि गाडी बघून त्याचा चेहरा उजळला.

"थोरली! आणि बेबीताई! अहो, किती दिवसांनी! साहेब कुठं आहेत?"

वहिनीच्या हातातली पाण्याची बाटली तशीच राहिली. मिस्त्रीला नाव माहीत होतं. दोघींचंही, गाडीचं आणि बेबीचं.

"नाही आला तो," बेबी पटकन म्हणाली. "रेडिएटर बघता का आधी?"

मिस्त्रीने डाग देऊन गळती बंद केली, पाणी भरलं आणि निघताना खिडकीशी वाकून म्हणाला, "पोचलात की त्यांना माझा नमस्कार सांगा. डोळे लावून बसले असतील."

गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत वहिनी मागे वळून मिस्त्रीकडे बघत होती. मग म्हणाली, "त्यांना म्हणजे कोणाला?"

"गिऱ्हाईकाला."

"गिऱ्हाईकाला नमस्कार? आणि ते डोळे लावून बसतात?"

"मिस्त्री जरा जास्तच बोलतो."

त्यांना. आदराने बोलायचं म्हटलं की बाई आणि बाप्या एकाच शब्दात मावतात. वहिनीने तो शब्द जिभेवर फिरवून बघितला. डोळ्यांसमोर एक बाई आली, दारात उभी, कमरेवर हात ठेवलेली. मेळावे नव्हतेच म्हणजे. आणि सख्खी बहीण सामील होती.

संध्याकाळी एका गावात मुक्काम केला. लॉजची मालकीण काउंटरमागून उठून आली, बेबीच्या हातात किल्ली दिली आणि कपाटातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. "बरं झालं आलात. मागच्या वेळी साहेब ही इथंच विसरले. त्यांच्यासाठी म्हणून मुद्दाम बाजार पालथा घालून आणली होती."

शाल होती. विटकरी रंगाची, मऊ, गालाला लावावी अशी. वहिनीला त्याने आयुष्यात कधी शाल आणली नव्हती. प्रेशर कुकर आणला होता, इस्त्री आणली होती.

त्या खोलीत दोन पलंग होते आणि मध्ये एक तिपाई. वहिनी भिंतीकडे तोंड करून पडली. गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, आणि ज्याच्यासाठी आपण इतके महिने रडलो तो माणूस कोण होता हेच कळेनासं झालं तर रडायचं तरी कोणासाठी, असं काहीबाही तिच्या डोक्यात घुमत राहिलं.

सकाळी बेबी सामान घेऊन खाली आली तेव्हा वहिनी फुटपाथवर बसली होती. मांडीवर थोरलीचं हँडल. बॅटरी तर काल वाटेतच बसली होती, हँडलशिवाय गाडी हलणार नव्हती.

"खरं सांग बेबी. नाहीतर हे घेऊन मी बसने परत जाते."

"वहिनी, लोक बघताहेत."

"बघू देत. कोण आहे ती?"

बेबी चमकली. मग तिच्या ध्यानात आलं आणि ती मटकन शेजारी बसली. "तुला वाटतंय तसलं काही नाही गं."

"मग कसलं आहे?"

"ते मला नाही बोलता येणार. खूपदा ठरवलं. तोंडापर्यंत येतं आणि अडतं. तू फक्त चल. दुपारपर्यंत पोचू."

समोर बस येऊन थांबली. वहिनी उठली, पायरीपर्यंत गेली. कंडक्टरने दार धरून ठेवलं. परत गेलं तर उरलेलं आयुष्य त्या बाईला मनात रंगवण्यात जाईल, हे तिला तिथे स्पष्ट दिसलं. त्यापेक्षा एकदा तोंड बघितलेलं बरं. ती मागे फिरली, हँडल बेबीच्या हातात दिलं आणि गाडीत जाऊन बसली. थोरली त्या दिवशी शहाण्यासारखी चालली, आणि वहिनीला तिचाही राग आला. वाट चांगलीच पाठ दिसत होती सवतीला.

गल्ली अरुंद होती, बैठ्या घरांची. थोरलीच्या इंजिनाचा आवाज भिंतींवर आपटून मोठा झाला, आणि गाडी थांबायच्या आधीच एका घराचं दार उघडलं.

दारात एक म्हातारा उभा होता. अर्ध्या गालावर दाढीचा साबण, हातात रेझर. त्याने आधी ड्रायव्हरच्या जागी बघितलं, मग वहिनीकडे, मग वाकून मागच्या सीटवर.

"तो कुठाय? मागून येतोय का?"

बेबी उतरली आणि बॉनेट उघडून आत बघत राहिली. बॉनेटखाली काहीही बिघडलेलं नव्हतं.

"ही कोण?" म्हाताऱ्याने विचारलं. आवाजात धार होती. पण पाहुण्या बाईसमोर अगदीच तुटक दिसू नये म्हणून तो हसला.

वहिनीने ते दात बघितले. वरच्या रांगेत डावीकडचा सुळा किंचित आत वळलेला. कवळीत असा दात कोणी मुद्दाम बसवत नाही, पण नवऱ्याने तसाच बसवायला सांगितला होता. "मित्राच्या काकांची कवळी आहे, ते म्हणतात मूळचा होता तसाच हवा." तिने हसत हसत बसवला होता, कारण नवऱ्याचा सुळाही नेमका तसाच होता.

सासरे तरुणपणीच वारले, असं तिला लग्नाआधी सांगण्यात आलं होतं. घरात त्यांचा एक फोटोसुद्धा नव्हता. ती गाडीतून उतरून दारापाशी गेली. "तुम्ही त्याचे वडील."

"मग कोण असणार?" म्हातारा म्हणाला. "तू त्याची बायको, होय ना? सांगितलं वाटतं शेवटी तुला. मी घर सोडलं तेव्हा माझ्याबरोबर कोण होतं, तेही सांगितलं असेल. तीही गेली आता. पोरांच्या आईने मला मेलेला ठरवलं ते बरोबरच होतं, माझी तक्रार नाही. गाडी तेवढी मागे सोडून आलो होतो. तीच घेऊन एक दिवस हा दारात उभा." त्याने पुन्हा गल्लीच्या टोकाकडे बघितलं. "बेबी म्हणते परदेशी गेलाय. एवढे महिने? फोन नाही?"

बेबीचे खांदे बॉनेटमागे हलताना दिसले. आपल्याला इथे का आणलं ते वहिनीला तेव्हा कळलं. सह्या नव्हत्या, गिऱ्हाईक नव्हतं. जे वाक्य बेबीला बोलता येत नव्हतं, ते बोलायला आणलं होतं. तिला संताप आला, आणि त्याच दमात दयाही.

"आत बसू या," ती म्हणाली.

आत एक पलंग, एक खुर्ची, खिडकीत एकच पेला. तिने त्याला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं. थंडीत, सकाळी, शेडमध्ये, डॉक्टर यायच्या आत.

म्हाताऱ्याने गालाला हात लावला. गालावरचा साबण वाळून पांढरा पडला होता. मग तो हळूच म्हणाला, "खोटं."

"काय?"

"कंटाळला असेल माझ्याकडे यायला. तसं सांगायला जड जातं, म्हणून तुम्हाला पाठवलं. आमच्या घराण्यात नकोशा माणसाला मारून टाकायची रीतच आहे. जिवंतपणी. मी आहे ना समोर पुरावा."

कोणता दाखला दाखवून पटणार होतं हे? वहिनी जमिनीवर त्याच्या पायांशी बसली.

"हे बघा, मला तुम्ही मेलात असं सांगितलं होतं. मी ते खरं मानलं आणि आज तुम्ही दार उघडलंत. हेही तसंच खोटं निघालं असतं तर तुमच्या आधी मी नाचले असते. कालपासून मी त्याच्यावर नाही नाही ते संशय घेतले. एका बाईला शिव्या देत देत इथवर आले. वाटेत मनात आलं, असू दे बाई. पण तो त्या बाईच्या घरात तरी जिवंत असू दे."

हे शेवटचं तिलाही बोलेपर्यंत माहीत नव्हतं.

म्हाताऱ्याने रेझर खिडकीत ठेवला. मग त्याने कवळी काढली, मुठीत धरली आणि बोळक्या तोंडाने लहान मुलासारखा रडला. बेबी केव्हाची दारात येऊन उभी होती. तिने ती विटकरी शाल त्याच्या खांद्यांवर घातली.

त्या तिथे चार-सहा दिवस राहिल्या. थोरली गल्लीतच उभी राहिली. कितीही हँडल मारलं तरी सुरू होईना, तेव्हा वहिनी म्हणाली, राहू दे तिला इथेच, तिला तरी आपला माणूस सापडलाय. दोघी बसने परतल्या.

बसमध्ये वहिनीने विचारलं, "तुमच्या आईला जाऊनही वर्षं झाली. मग त्याने मला का नाही सांगितलं?"

"मलाही ठाऊक नाही," बेबी म्हणाली. "शपथ."

वहिनीने तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं. खरं असावं असं वाटलं. पुरतं पटलं मात्र नाही.

आता ती दर रविवारी म्हाताऱ्याला फोन करते. तो पाऊसपाण्याचं विचारतो, गल्लीतली पोरं गाडीच्या टपावर चढतात म्हणून कुरकुरतो. आणि मध्येच, अगदी सहज विचारल्यासारखं, म्हणतो, "तो खरंच गेला ना गं?"

"हो, बाबा," ती सांगते. "खरंच."