पऱ्ह्यातल्या दोन काड्या

म्हैस आमची नव्हती, हे आधी सांगते. कुणाची होती तेही मला माहीत आहे, पण त्या घरी आमचं जाणंयेणं आहे, तेव्हा नाव राहू द्या. ती आमच्या धानाच्या पऱ्ह्यात शिरली, मी तिला काठीने हाकललं, आणि त्यानंतर जे केलं त्यापायी माझ्या सासूची शेती सुटायची वेळ आली.

दिघोरीच्या अलीकडे एका तलावाखाली आमची तीन एकर धानाची शेती आहे. दोन मोठ्या बांध्या, म्हणजे पाणी अडवायला भोवती बांध घातलेले तुकडे. एक तलावाच्या पाळीला लागून, खोलगट. तिथे दिवाळीनंतरही पाऊल रुतेल एवढी ओल असते. दुसरी वर, रस्त्याकडे; दसरा आला की तिच्यातलं पाणी आटतं. म्हणून खालच्या बांधीत भारी धान लावायचं, जे पिकायला पाच महिने घेतं, आणि वरच्या बांधीत हलकं, जे चार महिन्यांच्या आत कापणीला येतं. इतकी साधी गोष्ट आहे. शेतीतल्या सगळ्याच गोष्टी साध्या असतात, ज्याला येतात त्याला.

मला येत नव्हत्या. माझं माहेर आंधळगावचं, वडिलांचं किराणा दुकान. मी तांदूळ ओळखायचे तो पोत्यावरच्या शिक्क्यावरून. गेल्या वर्षी लग्न होऊन इथे आले तेव्हा आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, कुंताबाईंनी, माझे हात उलटून तळवे पाहिले आणि म्हणाल्या, "होईन हळूहळू." सासरे सात वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून शेती आईंच्याच हातात. मंगेश, माझा नवरा, लाखांदूरला मोटारपंप दुरुस्तीचं दुकान चालवतो. तो रविवारी शेतात येतो आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून फोनवर बोलतो.

मृगात पऱ्हे टाकले. म्हणजे धानाचं बी आधी लहान वाफ्यात दाट पेरायचं, रोपं वीतभर झाली की उपटून, जुड्या बांधून, बांधीत नेऊन लावायची; हाच रोवणा. आमचे दोन वाफे शेजारी शेजारी होते, एक भारीचा, एक हलक्याचा. रोपं असताना दोन्ही धानं सारखीच हिरवी. फरक एवढाच की भारीच्या बुडाशी किंचित जांभळा रंग असतो, तोही वाकून पाहिलं तर. म्हणून या घरची रीत अशी की पेरणी झाल्या झाल्या भारीच्या वाफ्यात पळसाची काडी खोचायची आणि हलक्याच्या वाफ्यात बेशरमाच्या झुडपाची. आईंना पूर्वी काड्यांची गरज नसायची, त्या सरळ बूड पाहायच्या. पण दोन वर्षांपासून त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. आई म्हणायच्या, रोवणा होऊ दे. रोवणा झाला की म्हणायच्या, कापणी होऊ दे. मग रब्बीची लाखोळी निघू दे. डोळे तसेच राहिले.

पेरणीच्या दिवशी मी तलावाच्या पाळीवर उभी राहून पाहत होते. तिथून पळस माझ्या डाव्या हाताला होता. पंधरा-सोळा दिवसांनी ती म्हैस आली तेव्हा मी घराकडून, पाळीच्या उलट बाजूने, धावत गेले. म्हैस गेली, दोन्ही काड्या चिखलात आडव्या पडलेल्या. पळस डावीकडे, हे मला पक्कं आठवत होतं. मी पळस डावीकडे खोचला, बेशरम उजवीकडे, आणि हात धुऊन घरी आले. उभी राहायची बाजू बदलली की डावं-उजवं बदलतं, हे मला शाळेत शिकवलं होतं. आईंना मी म्हैस सांगितली. काड्या सांगण्यासारख्या वाटल्या नाहीत.

रोवण्याच्या दिवशी बारा बाया आल्या. आईंनी वाफ्याला कुंकू वाहिलं, मग काडीवरून तळहात फिरवला. पळसाची साल खरखरीत असते. "हे भारी. हे खाली न्या," त्या म्हणाल्या. मी चहाची किटली घेऊन बाजूलाच होते. दोन दिवसांत दोन्ही बांध्या लावून झाल्या, हिरव्यागार दिसायला लागल्या, आणि मी माहेरी फोटो पाठवले.

पोळा झाला, गणपती बसले आणि खालची बांधी निसवली. म्हणजे धानातून लोंब्या बाहेर आल्या, महिनाभर आधी. आई खाली उतरल्या, एक लोंबी डोळ्याजवळ धरून बराच वेळ पाहिली. मग वरच्या बांधीत गेल्या. तिथे नुसती पाती होती. दुपारी जेवताना त्या मंगेशला म्हणाल्या, "पऱ्हे चुकले. माह्या हातानं चुकले."

मी तेव्हा वरण वाढत होते. मला त्याच क्षणी सगळं कळलं: म्हैस, पाळ, डावा हात. मी वरण वाढत राहिले. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आई चुकल्या तर म्हातारपण म्हणतील, मी चुकले तर दुकानदाराची पोरगी म्हणतील, असा हिशेब मी तिथल्या तिथे केला. मला त्याची लाज वाटते. तेव्हाही वाटली होती, पण बोलण्याइतकी नाही.

पुढचं सगळं उलटं झालं. खालचं धान कोजागिरीच्या आठवड्यात पिकलं, तेव्हा बांधीत पोटरीभर पाणी. पाण्यात उभं राहून कापलं, ओले भारे डोक्यावरून धुऱ्यावर आणले. काही लोंब्यांना तिथेच कोंब फुटले. वरचं धान दाणा भरायच्या दिवसांत तहानलं. मंगेशने दुकानातला पंप आणून तलावाचं पाणी वर चढवलं, तरी निम्मं धान पोचट निघालं. मंडईला, म्हणजे दिवाळीतल्या गावजत्रेला, पाहुणे आले तेव्हा आई कुणाला शेताकडे घेऊन गेल्या नाहीत. एरवी त्या पाहुण्यांना हाताला धरून बांधी दाखवायला न्यायच्या.

दिवाळीनंतर त्यांनी एक नवीन उद्योग सुरू केला. दुपारी अंगणात बसायचं, दोन डब्यांतून भारीचं आणि हलक्याचं मूठमूठ बी सुपात घेऊन मिसळायचं, आणि डोळे मिटून एकेक दाणा बोटांनी वेगळा करायचा. दोन ढीग झाले की मला हाक मारायच्या. "मोना, पाह्य तं. मिसळलं काय कुठं?" मी वाकून पाहायचे. एकही दाणा चुकीच्या ढिगात नसायचा. "नाही आई," म्हणून मी परत आत जायचे. मला वाटायचं, म्हातारीला वेळ जात नाही. असं वाटून घेणं सोयीचं होतं.

होळीच्या आधी मंगेशने भोजराजभाऊंना बोलावलं. तलावाच्या पलीकडे त्यांची शेती आहे, आमची जमीन मक्त्याने करायला ते तयार होते. दोन्ही बांध्या ते करणार, आई घरी बसणार. मंगेशला यात आईची काळजीच दिसत होती, आणि त्याला दोष देता येत नाही. त्याला जे सांगितलं गेलं होतं त्यावरूनच तो चालला होता. मी चहा घेऊन गेले तेव्हा आई बोलत होत्या.

"घे बाप्पा तू. माह्या डोळ्याचा भरोसा नाही राह्यला आता. काडीले हात लावून बी चुकली मी. दाणे बरोबर निवडते, मंग पऱ्हे कसे चुकले, समजूनच नाही राह्यलं."

मी ट्रे खाली ठेवला. "आई, काड्या मी बदलल्या," मी म्हणाले. "म्हैस आली होती त्या दिवशी. पडल्या होत्या. मी उलट्या खोचल्या."

"काय बोलून राहिली तू?" मंगेश म्हणाला. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, पाळीवर कुठे उभी होते तेही. भोजराजभाऊंनी चहा बशीत ओतला, प्यायला, आणि उठले. "मंग माह्यं काई काम नाई इथं," म्हणाले, आणि गेले. शहाणा माणूस आहे.

मला वाटलं होतं आईंना हायसं वाटेल. मी मनात तेवढं बक्षीस ठरवूनही टाकलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "कधीपासून मालूम हाय तुले?"

"खालची बांधी निसवली त्या दिवसापासून."

"आन् रोज दुपारी माह्ये दाणे पाहत होती तू."

"हो."

"पाच महिने झाले." त्या माझ्याकडे पाहत होत्या, मी त्यांना कितपत दिसत होते कोण जाणे. "डोळे गेले ते गेले, हात तरी राहू दे, असं म्हणत होती मी देवाले रोज. तू बाजूले उभी राहून आयकत होती."

त्यांनी सूप उचलून भिंतीला लावलं आणि त्यानंतर ते दुपारचं निवडणं बंद झालं. दहा दिवस त्या माझ्याशी कामापुरतंही बोलल्या नाहीत. मीठ हवं असलं तर मंगेशला सांगायच्या. अकराव्या दिवशी त्यालाच म्हणाल्या, "भंडाऱ्याले घेऊन चाल मले. डोळे करून घेते." एक डोळा होळीनंतर झाला, दुसरा उन्हाळ्यात. तलाव आटून मधे डबकं उरलं होतं तेव्हा त्या पाळीवर उभ्या राहून पलीकडच्या काठावरचे बगळे मोजत होत्या, मोठ्याने, मला ऐकू येतील असे.

यंदा मृगात पऱ्हे टाकले तेव्हा त्यांनी एकही काडी खोचली नाही. मी पळसाची काडी तोडून आणली होती, ती त्यांनी चुलीत घातली. दोन्ही वाफे त्यांनी एकटीने पेरले, मला त्या वेळी बाजाराला पाठवून.

रोवण्याच्या सकाळी बारा बाया चिखलात उभ्या राहिल्या. आईंनी कुंकू वाहिलं आणि मला म्हणाल्या, "सांग, भारी कोणतं?"

मी गुडघ्यावर बसले. एका वाफ्यातलं रोप उपटलं, धुतलं, बूड पाहिलं. दुसऱ्यातलं पाहिलं. परत पहिल्यातलं पाहिलं. ढगाळ होतं, जांभळा रंग मला कधी दिसत होता, कधी नाही. बाया कंबरेवर हात ठेवून थांबल्या होत्या. शेवटी मी डाव्या हाताच्या वाफ्याकडे बोट दाखवलं. "हे."

"पक्कं?"

"पक्कं."

"न्या वं खाली," आई बायांना म्हणाल्या आणि स्वतः जुड्या बांधायला वाकल्या. रोप हातात घेऊन त्यांनी बुडाकडे पाहिलं, मी पाहिलं त्यांना पाहताना. चेहऱ्यावर काही नव्हतं.

"आई, बरोबर आहे ना?"

"पोळ्यानंतर दिसन," त्या म्हणाल्या.

जन्माष्टमी झाली, पोळ्याला आठवडा उरला आहे. मी रोज दुपारी खालच्या बांधीवर जाते, पाती बाजूला सारून गेल्या वर्षीसारखी लोंबी लवकर आली का ते पाहते. अजून आलेली नाही. परत येते तेव्हा आई अंगणात बसलेल्या असतात आणि विचारतात, "काई दिसलं?" मी नाही म्हणते. "बरं," त्या म्हणतात, आणि पुन्हा आपल्या कामाला लागतात.